सीमेचा प्रश्न नक्की कुणाचा? संरक्षणमंत्र्यांच्या हातात काय असतं आणि काय नसतं

कळव्याच्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी सकाळी राज्यव्यवस्था शिकवतो. मुलं दिव्याहून, मुंब्र्याहून, थेट बदलापूरहूनही येतात. गेल्या महिन्यात मंत्रिमंडळाच्या समित्या शिकवत असताना मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, चीनशी संरक्षणमंत्री बोलतात, परराष्ट्रमंत्री बोलतात, डोवालही बोलतात. मग सीमेचा प्रश्न नक्की कुणाचा?"

विचारणारी मुलगी खारेगावची. तिचा मोठा भाऊ लष्करात आहे आणि सध्या लडाखमध्ये. प्रश्न काही दोन मार्कांपुरता नव्हता. त्या दिवशी फळ्यावर जेवढं मावलं तेवढं सांगितलं, पण बरंच राहून गेलं. म्हणून हा लेख.

सुरुवात मी शेताच्या बांधापासून केली. आज खारेगावात इमारतीच इमारती दिसतात, पण तिच्या आजोबांनी तिथे भात लावलेला आहे. बांध कोरणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. शेजारी दर पावसाळ्याआधी वीतभर बांध कोरतो. एका वर्षात काही कळत नाही, पण दहा वर्षांनी आपलं शेत अरुंद झालेलं दिसतं. तलाठ्याकडे गेलं तर सातबाऱ्यावर नाव आपलंच असतं, मात्र त्या पट्ट्यात वहिवाट शेजाऱ्याची सुरू झालेली असते. मालकी, ताबा आणि वहिवाट या तीन शब्दांतला फरक ज्याला कळतो, त्याला भारत-चीन सीमेचा निम्मा प्रश्न कळला असं मी मानतो.

भारत आणि चीन यांच्यामध्ये जी रेषा आहे तिला आपण प्रत्यक्ष ताबारेषा म्हणतो. नावातच ताबा आहे, मालकी नाही. भारताच्या हिशेबाने ही रेषा 3,488 किलोमीटरची आहे. ती कुठून जाते यावर दोन्ही देशांची सही असलेला एकही पूर्ण नकाशा नाही. हिमाचल आणि उत्तराखंडच्या बाजूचा जो मधला पट्टा आहे, तेवढ्याच्याच नकाशांची देवाणघेवाण झाली. लडाखमधला 38,000 चौरस किलोमीटरचा अक्साई चीन चीनच्या ताब्यात आहे आणि पूर्वेकडे सुमारे 90,000 चौरस किलोमीटरवर चीन हक्क सांगतो. काही ठिकाणी आपली रेषा त्यांच्या रेषेच्या पुढे आहे, काही ठिकाणी त्यांची आपल्या. मधल्या पट्ट्यात दोघांच्याही गस्ती जातात. गस्त म्हणजेच वहिवाट. सैनिक ठरलेल्या ठिकाणापर्यंत चालत जातात आणि आपण इथवर येतो हे दाखवून परततात. ती वाट अडवली गेली की वहिवाट तुटते. देपसांगच्या पठारावर चार वर्षांहून अधिक काळ नेमकं हेच झालं होतं.

आता प्रश्न येतो की हा बांध कुणी सरळ करायचा. संरक्षणमंत्री तो करू शकत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. टीव्हीवर सीमेचं नाव निघालं की लष्करी गणवेश आणि संरक्षणमंत्र्यांचा चेहरा दिसतो, त्यामुळे रेषाही तेच आखतात असं वाटू लागतं. प्रत्यक्षात देशाची एक एकर जमीनही इकडची तिकडे करण्याचा अधिकार कुठल्याही एका मंत्र्याला नाही, आणि पंतप्रधानांनाही नाही. 1958 साली नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात करार झाला. त्यात पश्चिम बंगालमधल्या बेरूबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. त्यावर वाद उठला, राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं, आणि 1960 मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती करावी लागेल. बांगलादेशाबरोबरचा सीमेचा गुंता 2015 मध्ये सुटला तो याच वाटेने, शंभराव्या घटनादुरुस्तीने. आपल्या हद्दीतली 51 बांगलादेशी गावठाणं आपली झाली, त्यांच्या हद्दीतली आपली 111 त्यांची झाली. 31 जुलैच्या मध्यरात्री हजारो माणसांचा देश बदलला आणि गोळी एकही सुटली नाही.

चीनशी रेषेबद्दल बोलण्यासाठी 2003 पासून वेगळी व्यवस्था आहे. दोन्ही बाजूंनी एकेक विशेष प्रतिनिधी नेमलेला असतो. आपल्याकडून हे काम राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार करतात, म्हणजे सध्या अजित डोवाल. मुलीच्या प्रश्नातलं तिसरं नाव इथून येतं. परराष्ट्र मंत्रालय करारांचे मसुदे करतं, सह्या करतं, दोन देशांचे एकूण संबंध सांभाळतं. आणि युद्धाचा किंवा तितक्याच मोठ्या पावलाचा निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतो. तिथे पंतप्रधान अध्यक्ष असतात आणि गृह, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र व्यवहार या खात्यांचे मंत्री एकत्र बसतात.

सीमेवर उभा असलेला प्रत्येक जवानही संरक्षणमंत्र्यांच्या खात्यातला नसतो, हेही सांगायला हवं. चीनच्या सीमेवरचं इंडो-तिबेट सीमा पोलिस दल, पाकिस्तान आणि बांगलादेश सीमेवरचं बीएसएफ, नेपाळ-भूतान सीमेवरचं सशस्त्र सीमा बल ही सगळी गृह मंत्रालयाची दलं आहेत. लष्कर मात्र संरक्षण मंत्रालयाचं.

"मग संरक्षणमंत्र्यांकडे उरलं काय?" ती म्हणाली.

तुझा भाऊ उरला, मी म्हणालो. रेषेचा वाद जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं त्या रेषेवर जो माणूस उभा राहणार आहे, त्याच्या अंगावर काय असेल, हातात काय असेल, त्याच्यापर्यंत रस्ता जाईल की नाही, समोरचा अंगावर आला तर त्याने काय करायचं, आणि त्याच्याबाबतीत काही घडलं तर देशाला खरं कोण सांगणार, हे सगळं संरक्षणमंत्र्यांच्या टेबलावर येतं. माझ्या मते हे काम रेषा आखण्यापेक्षा कमी दर्जाचं मुळीच नाही. ते नीट झालं नाही तर रेषेबद्दल बोलणाऱ्याच्या शब्दाला वजनच उरत नाही.

1962 मध्ये ते नीट झालं नव्हतं.

नौपाड्यात राहणारी माझी आत्या तेव्हा आठवीत होती. ती सांगते की शाळेत चित्रकलेचा तास बंद करून मुलींना जवानांसाठी लोकरीचे मोजे विणायला बसवलं होतं. पायाचा सरळ भाग सगळ्यांना जमायचा, टाच वळवायची म्हटली की टाके सुटायचे. मग बाई घरी नेऊन रात्री टाचा पुऱ्या करायच्या. माझ्या आजीने हातातली एक बांगडी संरक्षण निधीला दिली. दुसरी पुढे तशीच एकटी राहिली, तिला जोड कधीच केली नाही. आत्या अजूनही टाच वळवून दाखवते, बोटांना सवय राहिली आहे. आठवीतल्या मुलींना मोजे का विणावे लागले, याचं उत्तर संरक्षण खात्याच्या कारभारात आहे. ऑक्टोबरमध्ये आजच्या अरुणाचलमधल्या नामका चू नदीच्या काठी जी ब्रिगेड उभी केली होती, तिच्यातल्या अनेकांच्या अंगावर सुती गणवेश होते, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या आणि काडतुसं मोजकीच. पुढे जाऊन चौक्या उभारा, असं धोरण दिल्लीत ठरलं होतं, पण पुढे गेलेल्याला जगवण्याची तयारी त्यामागे नव्हती. 20 ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला. महिना संपायच्या आत कृष्ण मेनन यांच्याकडून संरक्षण खातं गेलं आणि पुढच्याच आठवड्यात ते मंत्रिमंडळातूनही बाहेर पडले.

त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. पण सह्याद्रीने तिथे जाऊन केलं काय, हे फार कुणी सांगत नाही. 21 नोव्हेंबर 1962 ला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. म्हणजे चव्हाणांच्या वाट्याला चीनशी लढणं आलंच नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते मोडलेलं घर पुन्हा उभं करणं. डोंगरात लढण्यासाठी दहा पर्वतीय डिव्हिजन उभारण्याचं ठरलं, सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याची पंचवार्षिक योजना झाली. पराभवाची लष्करी चौकशी झाली आणि सप्टेंबर 1963 मध्ये चव्हाणांनी तिच्या निष्कर्षांबद्दल संसदेत निवेदन केलं. तो मूळ अहवाल सरकारने अजूनही खुला केलेला नाही. साठ वर्षं उलटली, आता तो खुला व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. चुका कुठे झाल्या हे ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना कळायलाच हवं.

संरक्षणमंत्र्याच्या कामाची दुसरी बाजू चव्हाणांच्याच काळात, 1 सप्टेंबर 1965 ला दिसली. पाकिस्तानचे रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसले होते. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले आणि विमानं वापरण्याची परवानगी मागितली. 1962 मध्ये आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, त्यामुळे हा निर्णय साधा नव्हता. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. एकीकडे वर्षानुवर्षं चालणारं तयारीचं काम आणि दुसरीकडे असे काही मिनिटांचे निर्णय, दोन्ही एकाच खुर्चीत येतात. पहिलं झालेलं नसेल तर दुसरं करून उपयोग नसतो, कारण उडायला विमान तर हवं.

आणखी एक मराठी संरक्षणमंत्री या गोष्टीत येतात. जुलै 1992 मध्ये शरद पवार चीनला गेले. भारताच्या संरक्षणमंत्र्याचा चीनचा तो पहिलाच दौरा. पुढच्या वर्षी, 7 सप्टेंबर 1993 ला, ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार बीजिंगमध्ये झाला. त्यावर भारतातर्फे सही केली ती परराष्ट्र खात्याच्या राज्यमंत्र्यांनी. पवार तोवर मुख्यमंत्री म्हणून मुंबईत परतलेही होते. माती भुसभुशीत करून ठेवणारा एक आणि पेरणारा दुसरा, असं या खात्यांमध्ये अनेकदा होतं. 1996 मध्ये त्याला जोडून आणखी एक करार झाला. त्यात ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, स्फोट घडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारही करायची नाही, असं कलम आलं.

15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये जे झालं ते समजायला हे कलम माहीत असावं लागतं. आपले वीस जवान गेले, कर्नल संतोष बाबू त्यांत होते. चीनने स्वतःचे चार गेल्याचं कबूल केलं, तेही आठ महिन्यांनी. तेव्हा सगळीकडे एकच प्रश्न होता, आपल्या जवानांनी गोळ्या का झाडल्या नाहीत? शस्त्रं त्यांच्याजवळ होती. पण समोरासमोर आल्यावर बंदूक चालवायची नाही, ही त्या करारांपासून चालत आलेली रीत होती.

त्यानंतरच्या काही महिन्यांत संरक्षणमंत्र्यांच्या कामाचे सगळे पदर एकाच वेळी उघडे पडले. जुलैमध्ये संरक्षण खरेदी परिषदेने, जिचे अध्यक्ष स्वतः संरक्षणमंत्री असतात, तिन्ही दलांना 300 कोटी रुपयांपर्यंतची तातडीची खरेदी आपल्या अधिकारात करायची मुभा दिली. लडाखमध्ये हजारो जादा सैनिक पोहोचले होते आणि हिवाळा तोंडावर होता. कपड्यांपासून तंबूंपर्यंत सगळं काही आठवड्यांत वर न्यायचं होतं. अतिथंडीचे कपडे अमेरिकेकडूनही घेतले गेले. 1962 आणि 2020 यांत सर्वांत मोठा फरक मला इथेच दिसतो. या वेळी कुणाच्या आत्याला मोजे विणावे लागले नाहीत.

रस्त्यांचंही तसंच. दर्बुकपासून दौलत बेग ओल्डीपर्यंतचा 255 किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने, म्हणजे बीआरओने बांधला. 2015 पर्यंत या संघटनेचा पैसा बराचसा रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून यायचा, नंतर ती पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाखाली आली. एका खात्याकडून पैसे आणि दुसऱ्या खात्यासाठी रस्ता, यात किती वेळ जातो हे घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

4 सप्टेंबर 2020 ला मॉस्कोमध्ये राजनाथ सिंह चीनचे संरक्षणमंत्री वेई फेंगहे यांना भेटले. मे महिन्यात तणाव सुरू झाल्यापासून दोन्ही देशांच्या मंत्र्यांची समोरासमोर झालेली ही पहिली भेट, दोन तासांहून अधिक चालली. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी त्याच मॉस्कोत सहा दिवसांनी भेटले. पाच मुद्द्यांवर सहमती झाली ती दुसऱ्या भेटीत. मग पहिली कशासाठी? संरक्षणमंत्र्यांच्या भेटीत नकाशे उघडत नाहीत. कुणाचे किती सैनिक कुठे आहेत, कोण आधी मागे हटणार, खालच्या अधिकाऱ्यांच्या बैठका चालू राहणार की नाहीत, असं जमिनीवरचं बोलणं होतं. मॉस्कोच्या आठवडाभर आधी आपल्या सैन्याने लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडच्या डोंगरमाथ्यांवर ठाण मांडलं होतं, त्यामुळे आपल्या माणसाला बोलायला काहीतरी हातात होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. चीनचा संरक्षणमंत्री आणि आपला संरक्षणमंत्री ही एकसारखी पदं नाहीत. तिथलं सैन्य सरकारचं नाही, कम्युनिस्ट पक्षाचं आहे. सगळी सूत्रं केंद्रीय लष्करी आयोगाकडे असतात आणि त्याचे अध्यक्ष शी जिनपिंग. वेई निदान त्या आयोगाचे सदस्य तरी होते. सध्याचे मंत्री दोंग जुन यांना डिसेंबर 2023 मध्ये पद मिळालं ते आयोगाच्या सदस्यत्वाशिवाय. मधले ली शांगफू काही महिनेच टिकले. वेई आणि ली या दोघांनाही 2024 मध्ये पक्षातून काढून टाकलं. समोरची खुर्ची अशी सारखी बदलत असताना, आणि तिच्यावरच्या माणसाला स्वतःचा शब्द पाळण्याची ताकद आहे की नाही हेच नक्की नसताना, बोलणी लांबतात यात नवल नाही. दोन्ही सैन्यांच्या कोअर कमांडरांच्या वीसहून अधिक फेऱ्या झाल्या. पँगाँगहून फेब्रुवारी 2021 मध्ये सैन्य मागे आलं आणि राज्यसभेत ते राजनाथ सिंह यांनी सांगितलं. देपसांग आणि डेमचोकला ऑक्टोबर 2024 उजाडला.

संसदेत सांगणं हा उपचार नव्हे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं, पण खासदारांना मोकळी चर्चा मिळाली नाही. सगळंच उघड करता येत नाही हे मान्य. तरीही कुठल्या ठिकाणी पूर्वीसारखी गस्त घालता येते आणि कुठे नाही, एवढं तरी लोकप्रतिनिधींना विचारता यायला हवं. मोजणी झाली की नाही हे घरच्यांनाच सांगायचं नाही, असं कसं चालेल?

सगळ्या देशांत अशीच विभागणी असते असं नाही. थायलंड आणि कंबोडियामध्ये सीमेसाठी एक सर्वसाधारण समिती आहे आणि दोन्ही देशांचे संरक्षणमंत्रीच तिचे प्रमुख असतात. 2025 च्या जुलैमध्ये पाच दिवस लढाई झाली, तेव्हा युद्धबंदीच्या अटी याच समितीने ऑगस्टमध्ये क्वालालंपूरला ठरवल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा पेटलं आणि 27 तारखेला पुन्हा संरक्षणमंत्र्यांनीच सह्या केल्या. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात ऑक्टोबर 2025 मध्ये दोह्याला झालेली युद्धबंदीही संरक्षणमंत्र्यांच्या हातून झाली. पण थायलंड-कंबोडियातही सीमेचे खांब शोधून रेषा पक्की करणारा आयोग वेगळाच आहे. बंदुका शांत करणारी समिती निराळी, मोजणी करणारा आयोग निराळा. आपल्याकडे भांडण झालं तर पोलिस येऊन दोघांना बाजूला करतात, पण हद्द भूमी अभिलेखवालेच दाखवतात, तसंच हे.

कधी कधी संरक्षणमंत्र्याचं काम सही न करण्याचंही असतं. जून 2025 मध्ये चीनमधल्या छिंगताओ शहरात शांघाय सहकार्य संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली. संयुक्त निवेदनाच्या मसुद्यात पहलगामच्या हल्ल्याचा उल्लेख नव्हता. राजनाथ सिंह यांनी सही केली नाही. त्या संघटनेत सगळ्यांच्या संमतीनेच निवेदन निघतं, त्यामुळे ते निघालंच नाही. आणि त्याच दौऱ्यात ते दोंग जुन यांनाही भेटले, सीमेवरचं सैन्य कमी करण्याबद्दल बोलले. एका दालनात नकार आणि दुसऱ्या दालनात बोलणी, दोन्ही एकाच दौऱ्यात.

आता आपण कुठे आहोत? समोरासमोर ठाकलेले सैनिक मागे आले, हा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा म्हणजे 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी जे जादा सैन्य आणि रणगाडे वर नेले ते खाली आणणं. तो बाकी आहे, आणि तो संरक्षण मंत्रालयाचा. तिसरा टप्पा रेषेचाच. ऑगस्ट 2025 मध्ये डोवाल आणि वांग यी दिल्लीत भेटले, तेव्हा जिथे लवकर जमेल अशा भागापासून सीमा निश्चित करायला तज्ज्ञांचा गट नेमायचं ठरलं. तो वर्षांचा मामला आहे, कदाचित दशकांचा.

तास संपला तेव्हा फळ्यावर या तीन टप्प्यांपुढे मी तीन खाती लिहून ठेवली होती. बाकीच्यांनी मोबाईलवर फोटो काढला. खारेगावच्या त्या मुलीने फक्त दुसऱ्या टप्प्याखाली वहीत रेघ ओढली. भावाचा फोन आठवड्यातून एकदा येतो, म्हणाली, आणि तो थंडीबद्दल काही सांगत नाही, फक्त जेवण कसं होतं ते सांगतो. पुढच्या रविवारी तिला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंगबद्दल समजून घ्यायचं आहे. रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आधी हिवाळाभराचं रेशन, रॉकेल आणि औषधं वर कशी चढवतात, त्याचा हिशेब.